बारा घरांचा दादरा : ड्रम सिक्वेन्सरवरील तिहेरी व झुलत्या लयीचा अभ्यास

स्मरणिकेसाठी आपल्या अध्यापनातील एखाद्या विषयावर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मी हा विषय निवडला. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. संगणकावर किंवा मोबाइलवर तालाचे तुकडे बसविणे, एवढेच त्याचे स्वरूप आहे. परंतु या विषयाच्या अज्ञानामुळे माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला. तो कसा झाला आणि कसा टाळता आला असता, हे पुढील शिक्षकांना व विद्यार्थ्यांना कळावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पाटोदा तालुक्याचे ऋतुचक्र आपण सारे जाणतो. बालाघाटच्या या डोंगराळ भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आईवडील कोयता घेऊन फडात जातात आणि मुले वसतिगृहात राहतात. सर्वच मुले मात्र राहत नाहीत. त्या वर्षी आमच्या गायन पथकाचा ढोलकी वाजविणारा मुलगा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आईवडिलांबरोबर गेला. कार्यक्रम तोंडावर आला होता. तेव्हा मुलांनी एका मोबाइलवर ताल वाजविणारे ॲप शोधून काढले. त्यात सोळा चौकोनी घरे होती. घरावर बोट ठेवले की तेथे ठोका बसे आणि यंत्र तीच ओळ पुनःपुन्हा वाजवी. मुलांनी कानाने अदमास घेत ‘दादरा’ बसविला आणि आम्ही तालमीला आरंभ केला.

गाणारी मुलगी इयत्ता सातवीतील होती. ढोलकीबरोबर ती गीत निर्वेधपणे गात असे. यंत्राबरोबर मात्र ती दुसऱ्याच ओळीत अडखळू लागली. कधी शब्द पुढे जाई, कधी मागे राहील. चार वेळा थांबविल्यानंतर मी सर्वांसमक्ष तिला म्हणालो, “तुला लयच नाही. यंत्र कधी चुकत नाही.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तालमीला आली नाही.

यंत्र चुकत नाही, हे माझे वाक्य अर्धेच खरे होते. यंत्र त्याला सांगितलेले अचूक वाजवीत होते. आम्ही त्याला सांगितलेलेच चूक होते. ही चूक नेमकी कोणती, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित आणि थोडे संगीत एकत्र आणावे लागते.

सोळा घरे आणि तीन ठोके

ड्रम सिक्वेन्सर म्हणजे ठोके क्रमाने वाजविणारे यंत्र किंवा सॉफ्टवेअर. ऑक्टोपॅडवर वादक स्वतः काठीने आघात करतो. सिक्वेन्सरवर आघातांच्या जागा अगोदर ठरवून द्यावयाच्या असतात आणि पुढे यंत्र आपले आपण वाजविते. या जागांना इंग्रजीत ‘स्टेप’ म्हणतात. आपण त्यांना घर म्हणू. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या प्रसिद्ध यंत्रावर अशा सोळा कळा एका ओळीत होत्या. आजच्या बहुतेक मोबाइल ॲपमधील सोळा घरांची मांडणी त्याच प्रकारची आहे.

सोळा घरांचे चार ठोके होतात आणि प्रत्येक ठोक्यात चार घरे येतात. आपल्या शास्त्रात या विभागणीला चतुरस्र जाती म्हणतात. एका ठोक्याचे दोन भाग करावयाचे असतील तर पहिले आणि तिसरे घर घ्यावे. चार भाग करावयाचे असतील तर चारही घरे घ्यावीत. येथवर काहीच अडचण नाही.

दादऱ्याचा ठेका सहा मात्रांचा आहे : धा धी ना, धा ती ना. जलद दादरा आपण सहा सुट्या मात्रांनी मोजीत नाही. आपला पाय दोनदाच पडतो आणि प्रत्येक पावलात तीन समान मात्रा येतात. म्हणजे ही तिस्र जातीची विभागणी झाली. एका ठोक्यातील चार घरांत तीन समान मात्रा बसवावयाच्या असतील तर प्रत्येक मात्रेच्या वाट्याला १⅓ घर येते. पहिली मात्रा पहिल्या घराच्या आरंभी पडेल. दुसरी १⅓ घरानंतर आणि तिसरी २⅔ घरांनंतर पडावयास हवी. परंतु यंत्रात एकतृतीयांश घर नसते. म्हणून मुलांनी जवळचे घर निवडले : पहिले, दुसरे आणि चौथे.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. यंत्राची गती मिनिटाला ९० ठोके होती. एका ठोक्याचा काळ काढण्यासाठी ६० ला ९० ने भागावे. उत्तर येते ०.६६७ सेकंद, म्हणजेच ६६७ मिलिसेकंद. एक घर १६७ मिलिसेकंदांचे झाले. खऱ्या दादऱ्यात प्रत्येक मात्रा २२२ मिलिसेकंदांची हवी. यंत्रावर मात्र पहिली मात्रा १६७, दुसरी ३३३ आणि तिसरी १६७ मिलिसेकंदांची झाली. ‘धी’ सुमारे ५५ मिलिसेकंद लवकर येत होता आणि ‘ना’ तितकाच उशिरा पडत होता. म्हणजे एका घराच्या एकतृतीयांश अंतराची चूक प्रत्येक ठोक्यात दोनदा होत होती. एवढा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. बैलगाडीचे एक चाक लहान असावे आणि गाडीवानाला सरळ बसण्यास सांगावे, तसे आम्ही त्या मुलीला सांगत होतो. तिच्या कानातील तीन मात्रा समान होत्या. ती बरोबर होती.

लसाविचा उपयोग

उपाय सहावीच्या गणिताच्या पुस्तकातच आहे. चार आणि तीन यांचा लघुतम साधारण विभाज्य बारा. म्हणून आवर्तन सोळा घरांऐवजी बारा घरांचे घ्यावे. बाराला चारने भागता येते, तीननेही भागता येते. चार ठोक्यांची प्रत्येकी तीन घरे झाली की तिस्र जाती कोणत्याही तडजोडीशिवाय बसते.

यंत्रे तयार करणाऱ्यांनीही हाच विचार केलेला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत म्हणून १९८३ साली ‘मिडी’ नावाची पद्धत आली. त्यात एका ठोक्याचे २४ भाग धरून यंत्रे एकमेकांना गती कळवितात. चोवीसच का? कारण २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सर्वांनी निःशेष भाग जातो. दुप्पट, तिप्पट आणि चौपट या तिन्ही लयी चोवीस भागांत अचूक बसतात. पाच समान भाग मात्र त्यात बसत नाहीत. पुढे आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एका ठोक्याचे ४८०, ९६० असे सूक्ष्म भाग केलेले असतात. तेथे खंड जातीचे पाच भागही अचूक बसतात. मिश्र जातीचे सात भाग ९६० तही निःशेष बसत नाहीत, पण राहणारी तफावत एका मिलिसेकंदाच्या आसपासची असते आणि कान ती पकडू शकत नाही. अर्थात चूक पूर्णपणे नाहीशी करणे नेहमी आवश्यक नसते. ती कानाच्या पकडीखाली नेली तरी पुरते. एकतृतीयांश घराची चूक तशी नव्हती.

प्रत्यक्ष मांडणी : दादरा

आपल्या संगणक कक्षात ‘हायड्रोजन’ हे मोफत व मुक्त ड्रम सिक्वेन्सर सॉफ्टवेअर चालते. त्यात घरांची बारीकी निवडण्याच्या यादीत ८, १६, ३२ असे आकडे असतात आणि त्यांच्याबरोबर ‘८ टी’, ‘१६ टी’ असे पर्यायही असतात. ‘टी’ म्हणजे ट्रिप्लेट, आपल्या भाषेत तिहेरी. चार ठोक्यांच्या ओळीत ‘८ टी’ निवडले की प्रत्येक ठोक्याला तीन, अशी बारा घरे मिळतात.

मोबाइलमधील साध्या ॲपमध्ये असा पर्याय नसतो, पण घरांची संख्या सोळावरून बारा करण्याची सोय पुष्कळदा असते. ती वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ॲपच्या दृष्टीने अजूनही चार घरांचा एक ठोका असतो, आपण मात्र तीन घरांचा ठोका मानलेला असतो. म्हणून हव्या असलेल्या गतीला ¾ ने गुणून तो आकडा भरावा. आपल्याला ९० हवे असतील तर ६७.५ भरावेत. पडताळा पाहा : ६७.५ गतीला चार घरांचा काळ ८८९ मिलिसेकंद होतो, म्हणजे एक घर २२२ मिलिसेकंदांचे. तीन घरांचे ६६७ झाले, आणि हाच ९० गतीचा ठोका होय.

आता दादरा मांडू. एका घरात एक मात्रा धरली तर बारा घरांत दोन आवर्तने येतात.

घरे १ ते ६ : धा, धी, ना, धा, ती, ना
घरे ७ ते १२ : धा, धी, ना, धा, ती, ना

यंत्रात दोन ओळी घ्याव्यात. एक जड, घुमणाऱ्या आवाजाची आणि दुसरी तीव्र, कडक आवाजाची. ‘धा’ आणि ‘धी’ या बोलांत दोन्ही हातांचा आघात असतो. ‘ना’ आणि ‘ती’ या बोलांत घुमारा नसतो. म्हणून तीव्र ओळ बाराही घरांत भरावी आणि जड ओळ फक्त १, २, ४, ७, ८, १० या घरांत भरावी. ऐकून पाहिल्यावर लगेच ध्यानात येते की पाचव्या आणि अकराव्या घरातील ‘ती’ला घुमारा नसल्यामुळेच ठेक्याला श्वास मिळतो. नवखे विद्यार्थी ती घरेही भरून टाकतात आणि मग ठेका गुदमरतो.

प्रत्यक्ष मांडणी : झुलता केहरवा

केहरवा आठ मात्रांचा : धा गे ना ती, न क धी न. त्याच्या मात्रांच्या चार जोड्या होतात. जोडीतील दोन्ही मात्रा समान अंतराने वाजविल्या तर सरळ केहरवा होतो. परंतु गावाकडचा ढोलकीवाला तो क्वचितच सरळ वाजवितो. जोडीतील पहिली मात्रा तो किंचित लांबवितो आणि दुसरी तेवढी आखडती घेतो. लय डुलू लागते. पाश्चात्त्य संगीतात याला ‘स्विंग’ म्हणतात. आपण तिला झुलती लय म्हणू.

ही झुलती लय त्याच बारा घरांत मांडता येते. प्रत्येक ठोक्याच्या तीन घरांपैकी पहिले आणि तिसरे भरावे, मधले रिकामे ठेवावे.

धा १, गे ३
ना ४, ती ६
न ७, क ९
धी १०, न १२

जड ओळ १, ३ आणि १० या घरांत येते. नवव्या घरातील ‘क’ हा बंद, घुमारा नसलेला आघात आहे. त्यासाठी वेगळा आवाज निवडावा. २, ५, ८ आणि ११ ही घरे रिकामी राहतात.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. दादरा आणि झुलता केहरवा हे दोन निराळे ताल आहेत, पण ते एकाच बारा घरांत नांदतात. दादऱ्यात मधले घर बोलते आणि झुलत्या केहरव्यात ते मौन पाळते. पहिल्या प्रकारात ठोक्याचे तीन समान भाग ऐकू येतात. दुसऱ्यात दोनच ऐकू येतात, पण ते असमान असतात. ‘तिहेरी’ आणि ‘झुलती’ या दोन शब्दांचा पुष्कळदा घोटाळा होतो. तो या एका मधल्या घराने मिटतो.

झोल किती असावा?

वरील मांडणीत पहिली मात्रा दोन भागांची आणि दुसरी एका भागाची झाली, म्हणजे प्रमाण २:१. परंतु झोल याहून कमीही असू शकतो किंवा अधिकही. अमेरिकन अभियंता रॉजर लिन यांनी १९८० साली बाजारात आणलेल्या एलएम-१ या यंत्रात ही सोय दिली. जोडीतील दुसरा ठोका यंत्र ठरावीक प्रमाणात उशिरा वाजवीत असे. आज अनेक यंत्रांवर हा झोल टक्क्यांत दाखवितात. जोडीच्या एकूण काळापैकी पहिल्या मात्रेने व्यापलेला भाग, असा त्या टक्क्याचा अर्थ होय.

एका ठोक्याचे २४ भाग धरून आणि गती ९० ठेवून दुसऱ्या मात्रेची जागा पुढीलप्रमाणे येते.

५० टक्के : १२ भागांनंतर, ३३३ मिलिसेकंद. प्रमाण १:१. सरळ लय.
५८.३ टक्के : १४ भागांनंतर, ३८९ मिलिसेकंद. प्रमाण ७:५. हलका झोल.
६२.५ टक्के : १५ भागांनंतर, ४१७ मिलिसेकंद. प्रमाण ५:३. मध्यम झोल.
६६.७ टक्के : १६ भागांनंतर, ४४४ मिलिसेकंद. प्रमाण २:१. नेमका तिहेरी झोल.
७५ टक्के : १८ भागांनंतर, ५०० मिलिसेकंद. प्रमाण ३:१. उडता, धावता ठेका.

विद्यार्थ्यांनी एकच सरळ केहरवा सोळा घरांत मांडावा आणि झोलाचा आकडा ५० पासून हळूहळू वाढवीत न्यावा. साठच्या अलीकडे लय मऊ होते. सहासष्टच्या आसपास ती उघड झुलू लागते. पंचाहत्तरला ती घोड्याच्या दौडीसारखी होते. योग्य आकडा पुस्तकात मिळत नाही. तो गीत सांगते आणि गाणाऱ्याचा श्वास सांगतो.

चार सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, काही सॉफ्टवेअरमध्ये ० म्हणजे सरळ आणि १०० म्हणजे पूर्ण झोल, अशी वेगळी मोजणी असते. आकडा भरण्यापूर्वी कानाने खात्री करावी. दुसरी, झोल कोणत्या जोडीला लागतो ते पाहावे. सोळा घरांच्या यंत्रात तो बहुधा लगतच्या दोन घरांच्या जोडीला लागतो. केहरव्याची मात्रा दोन घरांची धरली असेल तर मात्रा जागच्या जागी राहतात आणि अधलेमधले भरणाचे ठोकेच तेवढे हलतात. तेव्हा मात्रा एका घराची धरून गती निम्मी करावी. तिसरी, बारा घरांच्या तिहेरी मांडणीवर पुन्हा झोल लावू नये. जेथे तीन भाग आधीच समान आहेत, तेथे दोनच्या जोडीचा नियम लावला की सारे विस्कटते. चौथी, गती वाढविली की झोल कमी करावा. याचे कारण असे : ९० गतीला २:१ या प्रमाणात आखूड मात्रा २२२ मिलिसेकंदांची असते. १८० गतीला तीच १११ ची होते. त्याही पुढे गेल्यास ती इतकी आखूड होते की हाताला ती स्वच्छ वाजविता येत नाही. जॅझ वादकांच्या ध्वनिमुद्रणांची मापे घेतली गेली, तेव्हा हेच दिसून आले. संथ गतीत झोल अधिक असतो आणि द्रुत गतीत तो सरळ लयीकडे झुकतो. आपल्याकडे भजन चढत्या लयीत जाते तेव्हा टाळ-मृदंगाचा डौल कसा बदलतो, ते लक्षपूर्वक ऐकावे.

लहानमोठे आघात

घरे बरोबर भरली तरी ठेका निर्जीव वाटतो, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. त्याचे कारण बहुधा आवाजाची समानता हे असते. मिडी पद्धतीत आघाताचे बळ १ ते १२७ या आकड्यांत देतात. बाराही घरांना एकच बळ दिले तर कान पाऊल कोठे टाकावे ते ओळखू शकत नाही. आरंभी पुढीलप्रमाणे बळ देऊन पाहावे : समेला १२०, इतर तीन ठोक्यांच्या आरंभाला १००, प्रत्येक ठोक्याच्या तिसऱ्या घराला ७५ आणि मधल्या घराला ५५. एवढ्याने तोच दादरा उभा राहतो. पुढे आपल्या कानाने आकडे बदलावेत.

हाताने आधी, यंत्राने नंतर

हे सर्व संगणकासमोर बसण्यापूर्वी हाताने करावे, असा माझा आग्रह आहे. वर्गात बारापर्यंत समान गतीने मोजावे. एका गटाने १, ४, ७, १० या आकड्यांवर टाळी द्यावी. दुसऱ्या गटाने १, ५, ९ या आकड्यांवर मांडीवर थाप मारावी. पहिल्या गटाचे चार ठोके होतात, दुसऱ्याचे तीन. दोघेही फक्त एकवर भेटतात. चारच्या लयीविरुद्ध तीनची लय म्हणजे काय, हे दहा मिनिटांत अंगात उतरते. त्यानंतर गटांची अदलाबदल करावी. ज्या वर्गाने हा खेळ केला, त्याला लसावि पुन्हा शिकवावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

वाद्य कोणाच्या हाती?

यंत्राने वादकाची भाकरी जाईल काय, असा प्रश्न मुले विचारतात. तो टाळता येणार नाही. परंतु त्याचा विचार करताना आपला इतिहास ध्यानात ठेवावा लागेल. गावगाड्यात हलगी वाजविण्याचे काम ज्यांच्यावर जातीने लादले गेले, त्यांच्यासाठी वादन ही कला नव्हती, ती वेठ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने अशी हीन लेखली जाणारी गावकीची कामे नाकारण्याचे बळ दिले. त्यानंतर १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले आणि पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीते लिहून गावोगावी गाइली. ढोलकी आणि डफ तेच होते. पण ते कोणाच्या हुकमाने वाजणार, हे आता वाजविणाराच ठरवीत होता.

यंत्राच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ आणि त्याच कंपनीची इतर यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजविले आणि त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही. सुमारे तीन दशकांनी तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा जगभरातील श्रोते चकित झाले. बंगळुरूच्या राडेल कंपनीने ‘तालमाला’ हे विजेवर चालणारे तालयंत्र बनविले. त्यात दादरा, केहरवा, झपताल असे आपले ठेके तयार मिळतात आणि गायक रियाजासाठी त्यांचा उपयोग करतात. पहिल्या उदाहरणात एका वादकाने परक्या यंत्राकडून आपले संगीत वाजवून घेतले. दुसऱ्यात आपल्या तालासाठी यंत्रच निराळे घडविले. दोन्ही ठिकाणी माणसाने यंत्राला काय हवे ते सांगितले. आम्ही त्या तालमीत नेमके उलट केले होते. यंत्राने दिलेली सोळा घरे आम्ही प्रमाण मानली आणि मुलीने त्यांत बसावे, असा हट्ट धरला.

शेवटी

मला ही चूक समजली ती तालमीनंतर तीन दिवसांनी, रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर बसून कागदावर चौकोन आखीत असताना. सोळा चौकोनांत तीन समान भाग पडेनात. तेव्हा मुलगी का अडखळत होती, ते उमगले. दुसऱ्या दिवशी मी बारा घरांचा ठेका बसविला आणि तिला बोलाविले. आधी पथकातील सर्व मुलांना जमविले, कारण बोललो होतो तेही सर्वांसमक्षच. फळ्यावर दोन्ही मांडण्या काढून दाखविल्या आणि सांगितले, “चूक माझी होती. हिची लय बरोबर होती.” ती लगेच गायली नाही. संध्याकाळच्या तालमीला मात्र आली आणि मागच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या आठवड्यात ती पुढे आली. कार्यक्रमात तिने ते गीत बारा घरांच्या दादऱ्यावर अखेरपर्यंत म्हटले.

फडावरून टोळ्या परतल्या आणि ढोलकी वाजविणारा मुलगाही परत आला. त्याला आम्ही यंत्रावरचा झुलता केहरवा ऐकविला. त्याने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाला, “सर, बरोबर आहे. पण हे दर वेळी एकाच जागी डुलतं.” त्याचे वादन आम्ही ध्वनिमुद्रित करून संगणकावर पाहिले. त्याची दुसरी मात्रा कधी पंधराव्या भागाजवळ पडत होती, कधी सोळाव्याजवळ. गाणारी लांबविते तेथे तो थांबत होता आणि ती श्वास घेते तेथे भरून काढीत होता. हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते. हे आकडे त्यालाही नवे होते. आता तो संगणकासमोर बसून स्वतःच्याच हाताचा झोल मोजतो आणि तिहेरी मांडणी लहान मुलांना शिकवितो. पुढील हंगामात तो गेला, तर त्याने बसविलेला ठेका पथकाजवळ राहील. तो जाऊ नये आणि त्याचे शिक्षण खंडित होऊ नये, ही आपली खरी जबाबदारी आहे. ती कोणतेही यंत्र पार पाडणार नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. एखादे मूल आपल्या मोजमापात बसत नसेल तर त्याला दोष देण्यापूर्वी आपण घरे किती आखली आहेत, ते एकदा मोजून पाहावे. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय असा : आपल्या आवडीचे एक गीत निवडा. ते म्हणताना पाय कितीदा पडतो आणि एका पावलात किती समान भाग येतात, ते मोजा. त्यानंतर घरांची संख्या ठरवा. यंत्र सुरू करणे ही सर्वांत शेवटची पायरी होय.